तीनशे बारा नंबरचं नाव

मिल बंद, आणि माणूस रोज सकाळी पावणेसातला डबा घेऊन मिलवर निघालेला. हे मी चार महिने रोज पाहिलं. आधी हसलो, मग सवय झाली, आणि शेवटी त्या डब्यावर लाथ मारली ती मीच. म्हणून लिहायला बसलो आहे.

लहानूभाऊ गजभिये इंदोऱ्यात राहायचे. कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर, पुढे सारवलेली छपरी आणि छपरीला लागून एक खोली. त्या खोलीचा भाडेकरू मी. मी काटोलचा. तिथल्या शाळेत मराठीत पहिला यायचो आणि गणितात कसाबसा. नागपुरात येऊन पदवी घेतली, आणि ती घेतल्याबरोबर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभा राहिलो. घरी पत्ता कळवला होता तो सीताबर्डीवरच्या एका मित्राच्या खोलीचा. इंदोऱ्यात गजभियांकडे राहतो म्हणून कळवलं असतं तर आईनं दोन दिवस जेवण सोडलं असतं आणि वडिलांनी तिसऱ्या दिवशी मनीऑर्डर बंद केली असती. त्यामुळे माझी पत्रं सीताबर्डीला यायची आणि मी ती आठवड्यातून एकदा सायकलनं जाऊन आणायचो. एका खोट्या ओळीपायी आठवड्याला चार मैल सायकल, हा हिशेब तेव्हा मला महाग वाटत नव्हता.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात विजेची कपात सुरू झाली आणि लहानूभाऊंच्या मिलनं त्यांची पाळी बंद केली. काढून टाकलं नाही, नुसतं घरी बसवलं. याला इंग्रजीत ले-ऑफ म्हणतात. कामगार त्याला ‘लेआप’ म्हणत. कायदा असा, की घरी बसवलेल्या माणसाला अर्धा पगार द्यायचा. पण त्या माणसानं रोज पाळीच्या वेळेला मिलच्या गेटवर येऊन हजेरी लावायची. आला नाही, त्या दिवसाचा पैसा गेला. म्हणजे काम नाही, पण कामावर जायचंच. हे ज्यानं लिहिलं त्यानं एप्रिलातलं नागपूर पाहिलं नसावं.

पहिल्या दिवशी मी दात घासत छपरीत उभा होतो. लहानूभाऊ धुतलेला सदरा घालून, तीन खणांचा डबा घेऊन बाहेर आले.

“काहून लहानूभाऊ, मिल सुरू झाली का?” मी विचारलं. नागपुरात चार वर्षं काढल्यावर ‘काहून’ माझ्याही तोंडात बसलं होतं.

“मिल नाही गा. मी सुरू हाओ.”

“मग डबा कशाला? हजेरी लावली की परतच यायचं ना?”

आतून त्यांच्या बायको कांताबाई म्हणाल्या, “मिल बंद हाय म्हून पोट बंद हाय का, बाबू? आन् रिकाम्या हातानं गेले तं लोक म्हणतीन, बेकार हायेत.”

“बेकार तं हाओच,” लहानूभाऊ म्हणाले.

“ते आपल्याले माहीत. रस्त्याले कायले सांगाचं?”

एकदा मीही त्यांच्यासोबत गेलो. गेटच्या बाजूला एक खिडकी होती. खिडकीत टाइमकीपर, समोर दीड-दोनशे माणसं. तो नंबर वाचायचा आणि माणूस हात वर करून पितळी बिल्ला दाखवायचा. “तीनशे अकरा.” “हाजर.” “तीनशे बारा.” लहानूभाऊंनी बिल्ला वर केला. “हाजर.” तीस वर्षं रिंगखात्यात, सूत कातायच्या खात्यात, काढलेला माणूस, नुसत्या आवाजावरून कोणत्या चातीवरचा धागा तुटला ते सांगणारा, पण त्या खिडकीला तो तीनशे बारा. नाव कोणी घेत नव्हतं. मला ते तेव्हा फार वाईट वाटलं. संध्याकाळी मी तसं बोलूनही दाखवलं, की माणसाला नावानं हाक मारू नये म्हणजे काय. लहानूभाऊ बिडी पेटवत हसले. “नंबर चांगला असते, मास्तर. नंबराले जात नाही.”

मास्तर ते मला गमतीनं म्हणत. मी त्यांच्या मुलीला, प्रेमिलाला, मॅट्रिकचं मराठी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे तिच्या चुका काढत होतो. बाकी अभ्यास तिचा तीच करायची. जूनमध्ये ती पास झाली आणि मुलींच्या डी.एड. कॉलेजात तिला जागा मिळाली. तिथल्या मुख्य बाईंनी सवलत दिली: प्रवेशाचे थोडे आता भरा, उरलेले एकशे ऐंशी दिवाळीनंतर भरा. नाही भरले तर मस्टरवरून नाव कमी. तीस वर्षं तीनशे बारा असलेल्या माणसाची मुलगी मास्तरीण होणार, यावर छपरीत रोज एकदा तरी बोलणं व्हायचं. ते एकशे ऐंशी कुठून येणार हेही ठरलेलं होतं. ले-ऑफच्या अर्ध्या पगारातून.

त्याआधी, मे महिन्यात, कांताबाईंचा भाऊ नत्थू कामठीहून आला होता. तो तिथं पॉवरलूमच्या शेडमध्ये होता.

“भाऊजी, बॉबिन भराच्या मशिनीवर एक जागा हाय,” तो म्हणाला. “मालकाले मी शब्द टाकला हाय. उद्या या. रोजचे साडेतीन.”

लहानूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हे मला नीट आठवतं. ते नत्थूकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. कारण मी त्या आठवड्यात कामगार कायद्याचं एक पुस्तक वाचनालयातून आणून वाचलं होतं आणि वाचलेलं सगळ्यांना ऐकवलं होतं.

“कामठीला गेलात तर हजेरी चुकेल,” मी म्हणालो. “हजेरी चुकली की अर्धा पगार गेला. शिवाय उद्या मिल सुरू झाली आणि तुम्ही दुसरीकडे सापडलात तर तीस वर्षांची नोकरीही गेली. कायद्यात स्पष्ट आहे.”

“कायदा पैसे कवा देते?” नत्थूनं विचारलं.

“देईल.”

“माहा मालक शनवारी देते.”

यावर मी हसलो. लहानूभाऊ हसले नाहीत. पण त्यांनी नत्थूला नाही म्हणून सांगितलं. तो डबा पुढे तीन महिने चालू राहिला.

ऑगस्ट संपता संपता मिलनं ती हजेरीसुद्धा बंद केली. ‘पुढील सूचनेपर्यंत येऊ नये’ असा कागद गेटवर लागला. पैसे मात्र आले नाहीत. कामगारांनी ओरड केली, तेव्हा कामगार कचेरीनं मिलकडून रक्कम भरून घेतली आणि फर्मान काढलं, की ज्याला अर्धा पगार पाहिजे त्यानं आपापला अर्ज भरावा. शेवटची तारीख तीस सप्टेंबर, संध्याकाळी पाच.

मग माझी छपरी म्हणजे दरबार झाली. इंदोऱ्यातले, बाजूच्या वस्तीतले मिळून चाळीसेक अर्ज मी भरले. माझं अक्षर चांगलं. ते चांगलं आहे हे मला माहीत होतं आणि दुसऱ्यांनाही माहीत व्हावं अशी इच्छा होती. लहानूभाऊंचा अर्ज मी सगळ्यात शेवटी, नवी निब लावून भरला.

“नाव?”

“तुले माहीत नाही?”

“विचारायची पद्धत असते.”

“लहानू बकारामजी गजभिये.”

“‘जी’ लिहायचा?”

“मंग? माहा बाप होता तो. लिव.”

मी लिहिला. विदर्भात बापाच्या नावाला ‘जी’ लावतात, त्यात मला नवल नव्हतं. नवल वाटलं ते त्यांच्या सही करण्याचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या रात्रशाळेत ते लिहायला शिकले होते. एक एक अक्षर चातीवर धागा ओढावा तसं ओढायचे. ल, मग ब, मग गजभिये. मी म्हणालो, “आणखी एका कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवा, एखादा खराब झाला तर.” त्यांनी केली. विचारलं नाही, वाचलं नाही. मास्तर म्हणतो म्हणून केली.

अर्ज गेल्यावर आठ दिवसांनी परत आला. वर लाल शाईत शेरा: ‘मस्टरशी नाव जुळत नाही.’

आम्ही दोघं कचेरीत गेलो. तिथं चंपतराव म्हणून कारकून होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. अशा गोष्टीत कारकून वाईट निघाला तर लिहिणाऱ्याचं फार सोपं होतं. चंपतरावांनी आम्हाला बसायला बाक दिला आणि मिलचं जाड मस्टर उघडून बोट ठेवलं.

“हे पाहा. तीनशे बारा. टोकन बरोबर आहे, हजेऱ्या बरोबर आहेत, एक दिवस खाडा नाही. पण नाव हे आहे.”

इंग्रजीत होतं. मी ते दोनदा वाचलं.

“काय लिवलं हाय?” लहानूभाऊंनी मला विचारलं.

“लाहन्या,” मी म्हणालो.

“फुडं?”

“लाहन्या बक्या.”

चंपतरावांनी पंखा मोठा केला. मला वाटतं, त्यांना दुसरं काही करण्यासारखं सुचलं नसावं.

तीस वर्षं पगारपत्रकावर ते नाव होतं. पत्रक इंग्रजीत आणि हाक नंबरानं, त्यामुळे ते कधी कानावर पडलं नव्हतं. लहानूभाऊ बाकावर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, “ह्यात लिवणाऱ्याची चूक नाही.”

घरी येताना त्यांनी मला सांगितलं. चव्वेचाळीस साली बाप त्यांना मिलमध्ये लावायला घेऊन गेला. पंधरा वर्षांचा पोरगा. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, पोराचं नाव काय. बाप हात जोडून म्हणाला, “लाहन्या, मायबाप.” तुझं? “मी बक्या, मायबाप.”

“त्यानंच सांगतलं,” लहानूभाऊ म्हणाले. “त्या टायमाले तसंच सांगाचं असे. बकाराम म्हणलं असतं तं बाबू म्हणते, लय मोठा झाला का तू.”

“मग बकारामजी कधी झाले?”

“छप्पनले. दीक्षा घेऊन घरी आला आन् मायले म्हणे, आजपासून मले बकाराम म्हण. माय म्हणे, मी तं नावच घेत नाही तुमचं.” ते थोडं हसले. “मंग एक दिवस मिलच्या रस्त्यानं जुन्या मुकादमानं हाक मारली, ए बक्या. बाप चालत राह्यला. मी म्हणलो, बाबा, तुमाले बलावून राह्यला. तं म्हणे, मले नाही. कोणाले तरी बलावून राह्यला असंन.”

 त्रेसष्टला बकारामजी गेले तोपर्यंत त्या हाकेला त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती, हे मला नंतर कांताबाईंकडून कळलं.

आता दोन वाटा होत्या, आणि दोन्ही चंपतरावांनी समजावून सांगितल्या होत्या. एक तर मस्टरवर आहे तेच नाव लिहून नवा अर्ज द्यायचा. पैसे बिनबोभाट मिळतील. नाहीतर कोर्टाचं प्रतिज्ञापत्र, रेशन कार्डाची नक्कल, दोन साक्षीदार आणि मिलच्या टाइमकीपरचा दाखला जोडायचा, की लाहन्या बक्या आणि लहानू बकारामजी हा एकच इसम आहे.

“पहिली वाट सोपी आहे,” मी म्हणालो. “एका कागदापुरतं. पैसे हातात आले की विसरून जा.”

“नाही.”

“प्रेमिलाच्या फीचा प्रश्न आहे, लहानूभाऊ.”

“म्हून तं,” ते म्हणाले. “ते मास्तरीण होणार हाय. पोरायची हजेरी घेणार हाय. तिच्या आज्याचं नाव मी माह्या सहीनं बक्या लिवू?”

मी वाद घातला नाही. दुसऱ्या वाटेला लागलो. प्रतिज्ञापत्राला सहा दिवस गेले, कारण पहिल्या खेपेला स्टॅम्पपेपर संपलेला आणि दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. रेशन कार्डावर नाव ‘लानु बकाराम’ होतं, ते दुरुस्त करायला दुसरी कचेरी. टाइमकीपरच्या दाखल्याची तर गंमतच झाली. मिलची कचेरी स्वतःच ले-ऑफवर. फक्त मंगळवारी उघडायची. पहिल्या मंगळवारी टाइमकीपर म्हणाले अर्ज द्या, दुसऱ्या मंगळवारी म्हणाले मॅनेजरची सही लागेल, आणि तिसरा मंगळवार एक ऑक्टोबरला येत होता.

तीस सप्टेंबर, सोमवार. दुपारी मी चंपतरावांना भेटलो आणि एक दिवसाची मुदत मागितली.

“मी देईन हो,” ते म्हणाले. “पण साडेपाचला यादी सीलबंद होऊन जाते. उद्या तुम्ही सोन्याचा दाखला आणला तरी तो कोणत्या कागदाला लावू? आज काहीतरी द्या. मस्टरप्रमाणे द्या. नाव नंतर सुधारता येईल. तारीख सुधारता येत नाही.”

साडेतीन वाजले होते. सायकलनं इंदोरा गाठायला पंचवीस मिनिटं आणि परत पंचवीस. जाऊन विचारता आलं असतं. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. वेळ होता. पण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच गेलो नाही. माझ्या पिशवीत तो सही केलेला कोरा फॉर्म होता. ल. ब. गजभिये. ल म्हणजे लहानू, ल म्हणजे लाहन्या. ब चं तेच. मला तर ही युक्ती सुचल्याबद्दल स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

कचेरीच्या बाकावर बसून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: लाहन्या बक्या. टोकन नंबर ३१२.

चंपतरावांनी पोच दिली. “शहाणे आहात,” म्हणाले.

घरी मी लहानूभाऊंना एवढंच सांगितलं, की अर्ज घेतला. ते म्हणाले, “बिना दाखल्याचा?” मी म्हणालो, चंपतराव भला माणूस आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन खऱ्यांच्या मधे एक खोटं किती आरामात बसतं, ते त्या दिवशी कळलं. कांताबाईंनी मला त्या संध्याकाळी पोळीवर जास्तीचं तूप वाढलं.

मला वाटलं होतं, पैसे खिडकीतून मिळतील. बिल्ला दाखवायचा, सही करायची, मोजून घ्यायचे. तीस वर्षं जसं चाललं तसंच. नाव कानावर पडायचं कारणच नव्हतं. सगळी मदार नंबरावर होती.

वाटपाचा दिवस आला दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. प्रेमिलाच्या कॉलेजची मुदत त्याच शनिवारी संपत होती. ती म्हणाली मीही येते, तिथून परस्पर फी भरून येऊ. लहानूभाऊंनी धुतलेला सदरा घातला. डबा मात्र त्या दिवशी घेतला नाही.

कचेरीच्या अंगणात शंभर-सव्वाशे माणसं होती. टेबलावर चंपतराव, बाजूला एक वरचे साहेब. साहेबांचा हुकूम होता: बिल्ले उसने दिले-घेतले जातात, तेव्हा नुसत्या नंबरावर पैसे द्यायचे नाहीत, अर्जावरचं नाव पुकारायचं आणि माणसानं स्वतः पुढे यायचं. पहिलं नाव पुकारलं गेलं. मी लहानूभाऊंना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. अजून अकरा माणसं पुढं होती. मी पाण्याच्या माठाकडे गेलो आणि पाणी प्यायलो.

“लाहन्या बक्या,” चंपतरावांनी पुकारलं.

अंगणात कोणीतरी मागून फिसकन् हसलं. हे जुनं नाव होतं, तिथल्या अर्ध्या घरांत असं एक नाव पुरून ठेवलेलं असावं. दोन-तीन म्हातारी माणसं खाली पाहू लागली.

“लाहन्या बक्या. टोकन तीनशे बारा.”

लहानूभाऊ समोर पाहत उभे होते. हातात बिल्ला होता, तो त्यांनी वर केला नाही. मूठ मिटली. प्रेमिला त्यांच्याकडे पाहून म्हणाली, “बाबा, तीनशे बारा तं आपला नंबर हाय ना?”

“नंबर आपला हाय,” ते म्हणाले.

मी जवळ गेलो. “लहानूभाऊ, जा ना. फक्त एक सही. मी सांगतो नंतर.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर आज मला एवढं लिहावं लागलं नसतं.

“तू लिवलं?”

“हो.”

“चांगल्या अक्षरात लिवलं असशीन.”

चंपतराव आम्हाला ओळखत होते. त्यांनी उठून खुणावलं, या, या. साहेबांनी विचारलं, “हाच का तो? ए, तूच का लाहन्या?”

“नाही जी,” लहानूभाऊ म्हणाले. “दुसऱ्या कोणाले तरी बलावून राह्यले तुमी.”

तिसऱ्यांदा पुकारलं. मग चंपतरावांनी नावासमोर तांबडी रेघ ओढली आणि तीनशे तेराचं नाव पुकारलं. एकशे अठरा हजेऱ्यांचे तीनशे नव्वद रुपये तिथंच राहिले.

परत येताना तिघंही पायी आलो. सायकल मी हातात धरून चालवत होतो.  वाटेत प्रेमिलानं विचारलं, “बाबा, मंग फी?” आणि ते म्हणाले, “पाहू.” घरी कांताबाईंना त्यांनी सांगितलं, की नाव निघालं नाही. माझं नाव त्यांनी काढलं नाही. कांताबाई दिवसभर सरकारला शिव्या देत राहिल्या आणि मी खोलीत बसून त्या ऐकत राहिलो. एक शिवी उचलून आपल्या अंगावर घ्यायची हिंमत झाली नाही.

शनिवारी कॉलेजच्या मस्टरवरून प्रेमिलाचं, बकारामजींच्या नातीचं, नाव कमी झालं.

मी घड्याळ विकतो म्हणालो होतो. खरंच म्हणालो होतो. घड्याळ वडिलांनी दिलेलं, शंभराला गेलं असतं. लहानूभाऊ म्हणाले, “राहू दे. बापानं देल्लेलं हाय.” 

डिसेंबरात ते सगळे कामठीला गेले. मे महिन्यातली जागा भरली होती. आता मिळाली ती हलकी, रोजचे अडीच. म्हणून प्रेमिलाही त्याच शेडमध्ये बॉबिनवर बसली. दोघं मिळून पाच. घर विकलं नाही, मला म्हणाले, तू राह्य, भाडं नत्थूजवळ देत जा. मी महिनाभर राहिलो. मग एका सरकारी कचेरीत माझं काम झालं आणि मी खोली सोडली. टाइमकीपरचा दाखला हातात आला तो मी खोली सोडायच्या आठवड्यात. दाखल्यावर लिहिलं होतं, की सदर इसम एकच आहे; पण यादी तोवर बंद झाली होती.

तो कागद द्यायला म्हणून मी कामठीला गेलो. म्हणजे कागद हे निमित्त. शेडमध्ये मागांचा खडखडाट एवढा की बोलायला बाहेर यावं लागलं. लहानूभाऊ केसांवर कापूस घेऊन आले. प्रेमिला खिडकीतून दिसत होती. तिनं मान हलवली, हात थांबवले नाहीत. बॉबिनवर हात थांबवता येत नाहीत.

मी दाखला दिला. त्यांनी तो वाचला, बोट ठेवून, शेवटपर्यंत. घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

“माझं चुकलं, लहानूभाऊ,” मी म्हणालो. “मी विचारायला पाहिजे होतं.”

“तू आमच्या भल्याचंच केलं,” ते म्हणाले. “ते तं माहीत हाय मले.” त्यांनी समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली.  मग म्हणाले, “मास्तर, दोन वर्षं राह्यला तू आमच्या घरी. एक विचाराचं राहूनच गेलं. तुह्या बापाचं नाव काय गा?”

“विनायकराव.”

“राव कोणं लावला?”

मी विचार केला. खरंच आठवेना. “कोणी नाही,” मी म्हणालो. “आधीपासूनच आहे.”

“हव,” लहानूभाऊ म्हणाले. “तेच तं.”

चहा आला. त्यांनी बशीत ओतून माझ्यापुढे आधी सरकवला. आत भोंगा वाजला तसे ते उठले, आपला कप तसाच ठेवून गेले.